नकाशात नसलेला खड्डा

आमच्या पिरनवाडीच्या घरात, मागच्या खोलीत, खिडकीखालच्या चार फरशा जरा खाली बसल्यात. पुसायला घेतलं की पाणी तिथंच थांबतं. मुलगा म्हणतो, "आई, गवंड्याला बोलवून लेव्हल करून घेऊया." मी म्हणते, "ऱ्हाऊ दे रं, माझं काय अडतंय." त्या फरशांखाली काय आहे ते त्याला ठाऊक आहे. ते कुणाच्या शब्दानं बुजलं, ते मात्र मी त्याला कधी सांगितलं नाही.

आमचे मालक विणकर. शहापुरात भाड्याच्या घरात उमर गेली आमची. तिथं त्यांचा खड्ड्याचा माग होता. म्हणजे जमिनीत मांडीएवढा खड्डा, विणणारा काठावर बसणार आणि पाय खाली सोडून पावड्या दाबणार. गल्लीत सगळीकडं पॉवरलूम आले, तरी हे आपले हातानं धोटा फेकत बसायचे. मग घरमालकानं घर विकायला काढलं आणि आम्ही पिरनवाडीला जागा घेतली, माझ्या नावावर. त्यावरून मालक रोज चेष्टा करायचे. "आता तू मालकीण, मी तुझा भाडेकरू. माझी एकच अट, मागाला खड्डा पायजे. बाकी घर कसं बी बांध."

कंट्राटदार चांगला माणूस होता, खोटं कशाला सांगू. लायसन असलेला, बोलायला मऊ. तो म्हणाला, "आप्पा, नकाशात माग दाखवला तर हाफिसात म्हणतील, हे घर न्हवं, कारखाना हाय. परवानगी आपण घराची मागतोय. कागदावर बेडरूम दाखवूया, खड्डा मी असाच काढून देतो."

"बेडरूम तर बेडरूम," मालक हसले. "मागावर मी डुलक्या घेतोच की."

कराराचा बाँड कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यानं वाचून दाखवलं. विटा कसल्या, सळई किती जाडीची, काम किती महिन्यांत, आणि नकाशात नाही ते काम करारात नाही. खड्ड्याचा शब्दसुद्धा नव्हता त्यात. "इल्लि सही माडरी, आक्का," म्हणाला. मी केली.

तरी माणूस बोलल्याला जागला. खड्डा काढायच्या दिवशी मालक शहापुरातनं आले, काठावर बसून पाय सोडून बघितले आणि म्हणाले, "चार बोटं अजून खोल."

गवंडी कुरकुरला, "आप्पा, विहीर काढायची काय?"

"पाणी लागलं तर पयला घोट तुला."

घर होत आलं आणि मालकांना न्युमोनिया झाला. दवाखान्यात ठेवलं. इकडं कायमचं लाइट मीटर पाहिजे तर घर नकाशाप्रमाणं झाल्याचा दाखला पाहिजे, त्याच्या तपासणीला साहेब येणार. आदल्या दिवशी कंट्राटदार दवाखान्याच्या व्हरांड्यात आला. "आक्का, बेडरूममध्ये एवढा खड्डा बघून साहेबांनी दाखला अडवला तर? माझं लायसन बी अडकंल. आप्पांना इचारून सांगता काय?"

आत जायला दहा पावलं होती. मी गेले नाही. त्यांना ताप होता, डॉक्टर त्रास देऊ नका म्हणाले होते, हे सगळं खरं. पण माझ्या मनात दुसरंच आलं होतं. हा माणूस आता परत मागावर कुठला बसतोय!

"बुजवा," मी म्हटलं.

साहेब आले. टेप लावून कंपाउंडपासून भिंत किती लांब ते मोजलं, मान वर करून उंची बघितली, पायरीवर उभ्या उभ्या चहा घेतला आणि गेले. घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही त्यांनी.

आणि मालक बरे झाले. काठी टेकत आले ते थेट मागच्या खोलीत. मागाची लाकडं भिंतीला टेकवून ठेवली होती. ते खिडकीखाली बरोबर त्याच जागी बसले. पाय लांब केले, मग दुमडून घेतले. टाचेनं फरशी ठोकून बघितली.

"कुणी बुजवला?"

"साहेबानं बुजवाय लावला," मी म्हटलं. "दाखला मिळालाय न्हवं, आता परत काढूया."

"काढूया. अंगात ताकद येऊ दे जरा."

पंधरा दिवसांनी कंट्राटदार फरशी फोडायला माणूस घेऊन आला. मी चुलीपुढं होते. बाहेर दोघं बराच वेळ बोलत होते, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मालक आत आले आणि पाटावर टेकले.

"परत धाडलं त्यास्नी," म्हणाले.

"का वो?"

"साहेब भायेरनंच गेलता म्हणं. चहा पिऊन."

मी चपाती उलटली. ती कधीची करपली होती.

"फरशी चांगली बसलीया," ते म्हणाले. "कशाला फोडायची? आन तुझं बी खरंच हाय. मी आता किती इणणार?"

असं मी तोंडानं कधी म्हणाले नव्हते. कंट्राटदारालासुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मागाची लाकडं वडगावच्या एका विणकराला देऊन टाकली. त्यानंतर दोन वर्षं होते ते. त्या खिडकीत खुर्ची टाकून बसायचे, पाय फरशीवर ठेवून. चेष्टा मात्र कमी केली. मालकीण म्हणून मला परत कधी हाक मारली नाही.