मातालेना आत्या आणि दोन घासांच्या ताटल्या

माझी मातालेना आत्या कुठे रिकाम्या हाताने गेलीय, असं मी आजवर पाहिलेलं नाही. डॉक्टरकडे जातानाही ती डबा नेते आणि तिथल्या बाईला बजावते, "डॉक्टर फार वाळलाय, त्याला खायला घाल." ऑकलंडच्या एका इस्पितळात तिने एकतीस वर्षं चादरी धुतल्या. माझी आई वारली तेव्हा मी चार वर्षांची होते. आत्याने मला सामोआहून आणवून घेतलं, आपल्या तीन पोरांच्या पंगतीत बसवलं आणि उपकाराचा शब्द पुन्हा कधी काढला नाही. जेवणाबाबत तिचा कायदा एकच: पाहुणे उठल्यावर भांड्यात उरलं पाहिजे. नाही उरलं तर यजमानाची अब्रू गेली. आणि यजमानाकडे कमी पडतंय असं दिसलं, तर पाहुण्याने बोभाटा करायचा नाही. आपण आणलेलं गुपचूप पुढे करायचं. आमच्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण त्या रविवारी जे झालं त्यात तिची काडीचीही चूक नव्हती.

मी तेव्हा पॉन्सन्बीतल्या एका धो धो चालणाऱ्या हॉटेलात वाढपाचं काम करत होते. रविवारी अकराला बाहेर रांग लागायची. नाश्ता म्हणावा तर उशीर, जेवण म्हणावं तर घाई, असं ते ब्रंच नावाचं खाणं. इवल्याशा ताटल्या, एकेकीत दोन घास आणि त्या दोन घासांत तीन देश. आमची पालुसामी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, तिथे लिंबाएवढी व्हायची आणि तिच्या डोक्यावर कोरियन लोणच्याचा तुकडा बसायचा. कृती आत्याची. हेमिशला, म्हणजे मालकाला, मी ती माझी म्हणून दिली होती. त्यावर खूश होऊन तो म्हणाला होता, सोमवारपासून बाहेरचं, म्हणजे गिऱ्हाइकांचं, सगळं तू सांभाळायचं. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की आठवडाभर मला नीट झोप नव्हती.

आत्याला मी कधी "ये" म्हटलं नव्हतं. "नको येऊस" म्हणायचं धाडसही झालं नव्हतं. तिचं चर्च दोन गल्ल्या पलीकडे. प्रार्थना आटोपून ती चालत आली. पांढरा पायघोळ पोशाख, पांढरी विणलेली टोपी आणि हातात चंदेरी कागदाने झाकलेला भला थोरला ट्रे. न्यूझीलंडला आली तेव्हा याच रस्त्यावर चार घरं सोडून ती अकरा माणसांत राहिली होती. आता तिथे कुणी वकील राहतो.

तिला पाहताच मी आत वळले. दुसऱ्या एका वाढपिणीने तिला मधल्या लांब टेबलावर अनोळखी लोकांत बसवलं. मी ताटल्या घेऊन गेले.

आत्याने ताटलीकडे पाहिलं, मग शेजारच्यांच्या ताटल्यांकडे. माझं मनगट धरून हळूच म्हणाली, "सुलिया, आत काही घोटाळा झालाय का गं?"

"कसला घोटाळा?"

"एवढी माणसं आणि एवढुसं अन्न! कमी पडलंय ना? मला सांग, मी कुठे बोलणार नाही."

"आत्या, इथे असंच असतं. मुद्दाम थोडं थोडं देतात. गप खा."

"बरं, बरं, मुद्दाम," ती समजूतदारपणे म्हणाली. मी यजमानाची अब्रू झाकतेय, असंच तिला वाटलं. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

मी आत जाऊन आले, तोवर ट्रे उघडला होता. आलं-लसणाचा वास भरून राहिला होता. आत्या कमरेत वाकून टेबलाभोवती फिरत होती आणि पळीभर सापासुई, म्हणजे मांस घातलेल्या आमच्या काळपट शेवया, त्या नाजूक ताटल्यांत रचत होती. बसलेल्यांच्या पुढून जाताना आम्ही "तुलोउ" म्हणून क्षमा मागतो, ती प्रत्येक खुर्चीपाशी मागत होती.

"तुलोउ, तुलोउ. घ्या हो, लाजू नका. आतून यायला जरा उशीर होतोय. पोरं राबताहेत बिचारी."

एक दाढीवाला मिटक्या मारत खात होता. बाकीचे हसत होते. एक बाई मोबाइलवर चित्रण करत होती.

हेमिश माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. "सुलिया, ही बाई कोण? तुझ्या ओळखीची आहे?"

आत्या दोन हातांच्या अंतरावर होती. हातात पळी तशीच.

"नाही," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण मी पुढे बोलले, "चर्चमधून येतात अशा कधीकधी. मी घालवते तिला."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पळी पुसली, ट्रेवर कागद ओढला आणि मला म्हणाली, "माफ करा हं, बाईसाहेब. चुकून दुसरीकडेच आले." मग वाकून, तुलोउ म्हणत, ती सगळ्या खुर्च्यांपुढून दारापर्यंत गेली.

"छान सांभाळलंस," हेमिश म्हणाला.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि तरी मी पुढची ऑर्डर घेतली. ही माझी जात. चार वाजता मांगेरेला घरी पोचले तेव्हा सगळे चटईवर जेवायला बसले होते. माझ्यासाठी थांबले होते. आत्याचा थोरला, सेफो, मला बघताच सुरू झाला, "या, मोठ्या साहेब! आमच्या म्हातारीला काय काय चारलंत आज? सांगा की."

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "अरे, सुलिया नव्हतीच तिथे. दुसरीच पोरगी होती. चांगली होती. फार दमलेली दिसली."

"नव्हती?" सेफो माझ्याकडे वळला. "मग तू होतीस कुठे गं?"

आत्या माझं ताट वाढत होती, तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही, पण ती ऐकत होती. खरं बोलायला मला यापेक्षा सोपी वेळ कधी मिळाली नसती. घरची माणसं होती. शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस चिडवलं असतं आणि विसरून गेली असती.

"मागच्या कोठीत होते," मी म्हणाले. "सामान आलं होतं."

"बघ, सांगितलं ना तुला," आत्या सेफोला म्हणाली, आणि माझं ताट काठोकाठ भरून तिने माझ्यापुढे सरकवलं. मी ते सगळं जेवले.