नाव सांगून आत

"सर, ताई गेली..." इकबालचा फोन आला तेव्हा मी सूसच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो. माझा स्वभावच संशयी. पहिल्यांदा वाटलं, शमीमताई माझी परीक्षा घेतायत. पण खरंच दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती इथे सांगतो.

आमची कंपनी एक सामायिक पान बनवते. दहा जणांनी आपापल्या घरून एकाच वेळी त्यावर लिहायचं. ज्याला दिसतं त्याला पडद्यावर इतरांचे रंगीत ठिपके फिरताना दिसतात. शमीमताई जन्मापासून अंध. पौडला भाऊ इकबालच्या कापडाच्या दुकानामागच्या खोलीत बसून, पडदा वाचून दाखवणारा आवाज कानात घेऊन त्या आमचं पान तपासायच्या. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "तुमच्या पानावर कोण आलं, कोण गेलं, मला काय बी कळत न्हाई. मी लिवतेय त्याच ओळीत दुसरं कुणी घुसतंय. आत येणाऱ्याचं नाव पानानं बोलून सांगावं, जाणाऱ्याचं बी." माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. आम्ही जागेवर किती वेळ असतो हे साहेबांना बघायचंय आणि त्यासाठी या बाईंना पुढे केलंय! मी हो-हो म्हणत ते काम दोन महिने लांबणीवर टाकलं.

मग दुसरा संशय. लवळ्याच्या एक प्राध्यापिका आमचं पान वापरून बघत होत्या, त्यांना ऐकू येत नाही. ताई म्हणाल्या, "त्यास्नी आवाज काय कामाचा? नाव ठळक दिसू द्या, नुस्ता रंग नगं. सगळे रंग एकसारखेच दिसणारी माणसं बी असत्यात." रंग कधी न पाहिलेल्या बाईला हे कसं सुचलं? यांना थोडंफार दिसत असणार, असं मी ठरवूनच टाकलं. आज हे लिहिताना लाज वाटते.

एका शनिवारी कासार आंबोलीला मित्राच्या बंगल्यावर जायचं निमित्त करून मी पुढे पौड गाठलं. शनिवारी इकबाल माल आणायला जायचा आणि गल्ल्यावर ताई बसायच्या. दुकानाबाहेर उभा राहून पाहत होतो. एक म्हातारबुवा उंबऱ्यातच म्हणाले, "शमीम, मी धोंडिबा. टावेल बघाय आलोय." जाताना, "निघालो बरं का." मागून एक बाई आली, तिनंही आधी नाव सांगितलं. त्या दुकानाची रीतच होती ती. ताईंसाठी अख्खा बाजार नाव सांगून आत यायचा आणि सांगून जायचा. मी मात्र बूट न वाजवता आत शिरलो आणि त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. डोळे हलले नाहीत. मान तेवढी वळली.

"कोण हाय? नाव का न्हाई सांगत?"

मी श्वास रोखला.

"असू द्या... बसा."

मी तसाच मागच्या पावली बाहेर आलो.

सोमवारपासून निमूट कामाला लागलो आणि पंधरा दिवसांत पान बोलायला लागलं. काय बोलायचं, ती वाक्यं ताईंनीच लिहून पाठवली. 'धोंडिबा आले.' 'धोंडिबा गेले.' आणि कुणी नाव लपवून आत आला, तर त्याच्यासाठी तिसरं: 'कुणीतरी आलंय. बसा.'

ते तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं होतं? कशावरून, माझ्या श्वासावरून? त्यानंतर वर्षभर आम्ही रोज बोललो. त्यांच्या साध्या "बरं जमलं, सर" मध्येही मला टोमणा ऐकू यायचा. एकदा विचारून टाकलं असतं तर माफी तरी मागता आली असती. धीरच झाला नाही, आणि या गोष्टीची टोचणी आता मला जन्मभर पुरणार आहे.

गेल्या शनिवारी पौडला गेलो. गल्ल्यावर इकबाल होता, शेजारी ताईंची खुर्ची रिकामी. गिऱ्हाइकं आता मुकाट्यानं आत येत होती. मी उंबऱ्यात थांबलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मी प्रमोद. सूसवरून आलोय."

इकबालनं मला बैठकांमध्ये पडद्यावर पाहिलेलं. तो गडबडून उठला. "या की सर. नाव कशापायी सांगताय? मला दिसतंय न्हवं."

"सांगू दे रे," मी खुर्चीकडे बघत म्हटलं. "मागच्या खेपेला राहिलं होतं."