बाटलीत कोणी घातलं?

परदेशातल्या सायकल शर्यतींच्या बातम्या मी अजून वाचतो. अमक्याने उत्तेजक औषध घेतलं, तमक्याचं बक्षीस काढून घेतलं. सोबत फोटो असतो तो नेहमी सायकलवाल्याचा. ज्याने ते औषध त्याच्या हातात दिलं, त्याचा फोटो मी कधी पाहिलेला नाही. तसा एक माणूस मला ठाऊक आहे. तो मी.

साठ सालाच्या आसपास मी मालवणात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. माझा एक मित्र पाव विकायचा. पहाटे भट्टीवरून टोपली घ्यायची, सायकलच्या मागे बांधायची आणि कुंभारमाठाचा चढ चढून चौके, कट्टा करत थेट कसालपर्यंत जायचं, हा त्याचा रोजचा धंदा. त्या तांबड्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याला ओळखत होता. म्हणून आमच्या मंडळाने मालवण ते कसाल आणि परत अशी शर्यत ठेवली, तेव्हा गावाने पैज त्याच्यावरच लावली. समोर बांद्याचा एक गडी होता. तो बेळगावात जिंकून आलेला.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात पाववाल्याला ताप आला. मंडळाचे अध्यक्ष दवाखान्यात आले आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, “कप मालवणाच्या भायर जावचो नाय. काय ता कर.”

काय ते मी केलं. परीक्षेच्या दिवसांत मुलं जागायला घेत त्या गोळ्या डॉक्टरांच्या कपाटात होत्या. किल्ली माझ्याकडेच असे. शर्यतीच्या सकाळी दोन गोळ्या खलात बारीक केल्या आणि त्याच्या बाटलीतल्या लिंबाच्या सरबतात मिसळल्या. आपण मोठं शास्त्र वापरतो आहोत, असंच तेव्हा वाटत होतं.

“कडू लागता रे,” एक घोट घेऊन तो म्हणाला.

“लिंबाची बी चिरडली असतली. ग्लुकोज आसा, पी गप.”

तो गप प्यायला. माझ्या हातचं होतं ना.

तो जिंकला. जिंकला म्हणजे काय, रेषा ओलांडून थांबलाच नाही. लोक टोप्या उडवत होते आणि हा बंदरापर्यंत तसाच गेला. चाक वाळूत रुतलं तेव्हा पडला. त्यानंतर दोन दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. हात एवढे थरथरत की पाव मोजता येईनात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, मग कपाट उघडून पाहिलं.

“गोळ्या कोणी घेतल्या?” त्यांनी विचारलं.

पाववाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं. त्याला सगळं कळलं असणार. माझ्या घरी म्हातारी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी आहेत, हेही त्याला माहीत होतं. “मीच घेतलंय,” तो म्हणाला. “कपाट उघडा होता.”

मी मिक्श्चर ढवळत होतो. माझा हात थांबला नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

बातमी दुपारपर्यंत बाजारात पोचली. फसव्याच्या हातचा पाव नको म्हणून दुसऱ्या दिवशी चार घरांनी टोपली परत पाठवली. चौक्यात कुणी तरी ओरडलं, “रे, आज पावात काय घातलंस?” त्याचं पोट त्या सायकलवर होतं, आणि सायकल चालत होती त्याच्या नावावर. ते नाव मी बुडवत होतो, रोज थोडं थोडं.

अर्ध्या गावाचं म्हणणं असं की हा कुणाला तरी वाचवतो आहे. वाद मिटेना, तेव्हा देवाला कौल लावायचं ठरलं. सकाळी देवळात सगळे जमले. पुजाऱ्याने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, “ह्या पाववाल्यान गोळी घेतल्यान आसात, तर उजवी दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

फार वेळ लागला नाही. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाने होय म्हटलं.

माणसं सुटल्यासारखी हलली. कुणी चपला शोधू लागलं. पाववाला खाली मान घालून उभा होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की देव खोटं बोललेला नाही. गोळी त्याच्या पोटात गेलीच होती. विचारणाऱ्यांनी प्रश्नच अर्धा विचारला होता. प्यायलं कोणी, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

“बाटलीत कोणी घातलं, ता विचारा,” मी म्हणालो.

“कौल झालो. आता बस खाली,” अध्यक्ष म्हणाले.

“विचारा.”

पुजारी म्हातारा होता. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “तुका म्हायत आसा तर तूच सांग. देवाची पाकळी कित्याक फुकट घालवतंस?”

मी सांगितलं. खल, लिंबू, ग्लुकोज, दवाखान्यातलं माझं गप्प बसणं, सगळं. अध्यक्षांचं नाव मात्र घेतलं नाही. मग डॉक्टर उठले. “किल्ली मी दिली होती. गोळ्या मोजल्या नाहीत. माझीही चूक आहे,” असं म्हणून बसले. आणि मग, कुणी न विचारता, अध्यक्ष उठले. “काय ता कर, असा मीच सांगितलंय ह्येका.”

आमच्या गावची माणसं माडाच्या एका झापावरून तीन पिढ्या कोर्टात जाणारी. चूक नेहमी शेजाऱ्याची. त्या सकाळी त्याच माणसांना एकमेकांकडून दोष ओढून घेताना मी पाहिलं. गावाचा एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. मंडळातला एक जण तर म्हणाला, “सरबताचा लिंबू माझ्या परड्यातला.” तेव्हा देवळात पहिल्यांदा हसू फुटलं. फक्त पाववाला हसला नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “माका इचारलं असतंस तर मी प्यालंय नसतंय. ह्याच वायट वाटता.”

नोकरी राहिली, पण कपाटाची किल्ली वर्षभर माझ्या हाती आली नाही. पावाची टोपली पुन्हा रिकामी होऊन परतू लागली.

दुसऱ्या आलेल्या बांद्याच्या गड्याला कप द्यायला एस.टी.ने आम्ही दोघे बांद्याला गेलो. त्या गड्याने कप ओट्यावर ठेवला आणि मला विचारलं, “गोळी तू घातलंस? मगे ह्येका कित्याक आणलंस?”

“एकट्याक यायची ह्येका लाज वाटत होती,” पाववाला म्हणाला.

गडी हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “पुढच्या वर्साक मी येतलंय. पण पाणी कोण देतलो, ता आधी सांगा.”

मंडळात विचारू, असं मी म्हणणार होतो. पाववाल्याने मला बोलूच दिलं नाही. “ह्योच,” तो म्हणाला.

पुढच्या वर्षी मंडळाने नियम केला. स्वतःची बाटली कुणी आणायची नाही, पाणी कसालच्या विहिरीवर, सगळ्यांसमोर. कळशी आणि पेला घेऊन तिथे मी उभा होतो. पाववाला त्या वर्षी तिसरा आला, तापाशिवाय आणि गोळीशिवाय. पण कसालला सगळ्यांत आधी पोचला होता तो बांद्याचा गडी. एक पाय जमिनीवर टेकून त्याने माझ्या हातातल्या पेल्याकडे बघितलं.

“आधी तू पी,” तो म्हणाला.

मी अर्धा पेला प्यायलो. उरलेलं पाणी त्याने माझ्या हातातून घेतलं, एका दमात संपवलं आणि सायकल मालवणाकडे वळवली.