बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पाय

आमचं दोघांचं शेवटचं साधं काम म्हणजे खापर गावचा बाजार. भाजी घेतली, मीठ घेतलं, तिने भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. पिशव्या सगळ्या मी उचलल्या. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक म्हणतील ओझ्याने गेली.

पिशव्या मी उचलायच्या हा नियम तिचाच. मागल्या वर्षी बांधावर पाय घसरून माझं मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईने ताकद यावी म्हणून वार लावून दिले. एक वार हातांचा, एक पायांचा, मधे आराम. हातांसाठी पाण्याचे डबे उचलायचे. पायांसाठी खाटेवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पण पायांचा वार नेमका बाजाराच्या दिवशी आला. बाजार फिरून आलेला म्हातारा काय उठबस करणार? मी म्हटलं, मरू दे तो व्यायाम. बायको म्हणाली, बाजारही सुटायचा नाही आणि व्यायामही नाही, वार बदलू. ओझं उचललं तो दिवस हातांचा. दुसऱ्या सकाळी पाय. बाईला विचारलं, तर ती म्हणाली चालेल.

मोजायची बायकोच. सुपात शेंगा घेऊन समोर बसायची, एका उठण्याला एक शेंग फोडायची. मधेच दाणे तोंडात टाकायची आणि म्हणायची, खाल्लेली शेंग धरायची नाही, परत उठा.

त्या दिवशी घरी येऊन पिशव्या कोपऱ्यात ठेवल्या तशी ती म्हणाली, "आज तुमना हात हुई ग्यात. सकाय पाय."

दुपारी तिच्या छातीत कळ आली. जीप दारात येईपर्यंत संपलं होतं.

सुरतहून मुलगा आणि सून तीन-चार तासांत आले. दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. मी खांदा द्यायला पुढे झालो तर भाऊबंद म्हणाले, पडशील, मागून चाल. मी म्हटलं, बाजाराची ओझी उचलली, आता हिलाच दुसऱ्यावर टाकू? सरका. सरकले.

परत आलो तर रीतीप्रमाणे खाट भिंतीला उभी केलेली. सुतकात खालीच बसायचं, खालीच झोपायचं. खाटेवरून उठणं मला जमत होतं. जमिनीवरून, हाड मोडल्यापासून, एकदाही उठलो नव्हतो. मोरीत जायचं म्हटलं तर मुलाने आणि पुतण्याने बगलेत हात घालून पोतं उचलावं तसं उचललं. सगळ्यांनी बघितलं.

मुलगा जवळ येऊन बसला. "बाबा, आते एकला कसा ऱ्हाशात? चला मन्हा संगे सुरतले."

पोरगा वाईट नाही. पण त्याचं घर वरच्या मजल्यावर, तिथे मला खिडकीत ठेवतील, कुंडीसारखं. इथे माझा ओटा आहे, तिची चूल आहे, बाजार आहे. पण ज्याला उठता येत नाही त्याचं कोण ऐकणार?

"सकाय दखजो," सकाळीच बघ, एवढंच म्हटलं आणि आडवा झालो.

सकाळी सून चहा घेऊन आली. मुलगा मला उचलायला वाकला, त्याला हातानेच थांबवलं आणि म्हटलं, आज पायांचा वार. चुलतभाऊ दारातून म्हणाला, सुतकात कसला व्यायाम करतोस, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांनी वार लावून दिलेला नाही, तिने दिलाय. कुशीवर वळलो, गुडघ्यावर आलो, एक पाय पुढे रोवला, हात छातीशी बांधले. मांडीत आग पेटली. मागे कोसळलो. मुलगा पुन्हा पुढे आला, त्याच्याकडे बघितलं नाही. पुन्हा पाय रोवला आणि उठलो.

बाजाराची पिशवी कोपऱ्यात तशीच होती. तिच्यातली एक शेंग काढली, फोडली, सुपात टाकली. मग परत खाली बसलो. एकदा उठून पायांचा वार होत नाही.