हितेशची फाईल आधी उघडली

मांडवीचा सुहास शिवलकर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. वय बावन्न. मिरकरवाडा बंदरात त्याला सगळे ओळखतात, पण नवख्या माणसाला ओळख करून देताना म्हणतात, ‘‘हा सुहास. हितेशबरोबरचा.’’ हे त्याला पंचवीस वर्षं खुपत आलंय.

हितेश पिलणकर आणि तो, दोघंही सखाराम मिस्त्रींच्या हाताखाली शिकले. दोघांचं काम सारखंच चोख. पण हितेश बोलका. इंजिन खोलताना तो मोबाईलवर व्हिडिओ काढतो, लोकांना समजावून सांगतो, आणि पार वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंतचे बोटी हाकणारे तांडेल ते बघतात. सुहास काम करतो आणि हात पुसून घरी जातो.

मे महिन्यात सखाराम मिस्त्री वारले. कुठल्या लाँचला कोणता भाग बसवला, त्याचं माप किती, काय बिघडलं आणि कसं सुधारलं, हे सगळं त्यांनी तेवीस वह्यांत उतरवून ठेवलं होतं. त्यांची मुलगी शमिका ठाण्याला असते. तिने एकेका पानाचा फोटो काढला, सगळ्या फोटोंची मिळून एक झिप फाईल केली आणि जुलैच्या अखेरीस तिची लिंक दोघांनाही पाठवली. दोघांना एकाच मिनिटाला. सुहासने ते शमिकाला विचारून खात्री करून घेतलं.

फाईल उतरवायलाच त्याची सकाळ गेली. मग त्याने ती उघडायला लावली. दोन टक्के. चहा पिऊन आला, तरी दोन टक्के. दुपारी अकरा टक्के. पावसाचं पाणी लागू नये म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार्जिंगला ठेवला होता, तो हाताला चटका बसेल इतका तापला. चौसष्ट टक्क्यांवर पडद्यावर आलं, जागा अपुरी आहे. त्याने काही गाणी, काही फोटो काढून टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दुसऱ्या दिवशी हितेशचा फोन आला.

‘‘काय रे, बघितलंस काय?’’

‘‘बघतोय,’’ सुहास म्हणाला. फोनवर तेव्हा सात टक्के झाले होते.

‘‘पाचव्या वहीत माझं नाव आहे. मिस्त्रींनी काय लिहिलंय बघ.’’

काय लिहिलंय ते सुहासने विचारलं नाही. जीव गेला असता तरी विचारलं नसतं. हितेशने नुकताच नवा महागडा फोन घेतला होता. त्याच्या फोनवर फटक्यात उघडलं असणार, आता तो आरामात एकेक पान चाळत बसला असेल, या विचाराने सुहासला दुपारचं जेवण गेलं नाही. दर पाच मिनिटांनी तो फाईल तशीच सोडून व्हॉट्सॲपवर जाई, हितेशने ते पान स्टेटसला लावलंय का बघायला. परत यावं तर टक्के जिथल्या तिथे.

त्यातच गंगाराम तांडेल आला. मासेमारीची बंदी उठायला पाच दिवस राहिलेले आणि त्याच्या लाँचचा रिव्हर्स गिअर पडत नव्हता. त्या गिअरबॉक्समधला बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी धातूची नळी, सखाराम मिस्त्रींनी स्वतः लेथ मशीनवर बनवून बसवला होता. आता तो झिजला होता, आणि मूळ माप फक्त वहीत.

‘‘माप मिळेल ना रे?’’ गंगारामने विचारलं.

‘‘उद्यापर्यंत थांब. फाईल उघडतेय.’’

‘‘उघडतेय म्हणजे? हितेशची तर उघडली.’’ गंगाराम सहज बोलला आणि हितेशकडे निघून गेला.

सुहास तडक उठला आणि स्टँडजवळच्या दिशाच्या मोबाईल दुकानात गेला. फोन काउंटरवर जवळजवळ आपटलाच.

‘‘हा फोन टाकाऊ आहे. मला हितेशसारखा दे.’’

दिशाने फोन हातात घेतला. ‘‘सुहासकाका, फोन तापलाय नुसता. ह्याला काय कॉम्प्युटरसारखा पंखा असतो? तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच काम हळू करतो. आणि तुम्ही त्याला पिशवीत बांधलात.’’

‘‘पण एवढा वेळ?’’

‘‘आत चार हजार फोटो आहेत. एकेक बाहेर काढायचा, त्याला जागा शोधायची, नाव लिहायचं. चार हजार वेळा. तेही तुमच्या ह्या स्वस्तातल्या मेमरी कार्डवर. त्याच कार्डातून वाचायचं आणि त्याच्यावरच लिहायचं. बाहेर पडलेल्या प्रत्येक फोटोचं छोटं चित्र गॅलरी वेगळं बनवते. मधे तुम्ही व्हॉट्सॲपवर गेलात तर बॅटरी वाचवायला फोन हे काम झोपवून ठेवतो.’’

सुहासने पिशवी उचलून खिशात कोंबली.

‘‘आणि मूळ फाईल सहा जीबी. उघडल्यावर आणखी सहा लागणार. जागा आहे कुठे?’’ ती बघत गेली आणि थांबली. ‘‘अकरा जीबी नुसते व्हिडिओ. हे तर हितेशकाकांचे! एकशे बारा?’’

सुहासचे कान तापले. हितेशचा प्रत्येक व्हिडिओ त्याने उतरवून ठेवला होता. कुठे चुकतो ते बघायला. घरी बायकोलाही ठाऊक नव्हतं. एकशे बारा व्हिडिओंत त्याला दोन चुका सापडल्या होत्या, त्यातली एक नंतर त्याची त्यालाच चूक वाटली नव्हती.

‘‘शिकायला ठेवलेत,’’ तो म्हणाला.

दिशा हसली नाही. ‘‘फाईल मी कॉम्प्युटरवर उघडून परत फोनमध्ये घालते. पाच मिनिटांचं काम.’’

‘‘नको. हितेशने फोनवर उघडली, मी पण फोनवरच उघडणार.’’

‘‘कोण म्हणालं? हितेशकाका काल इथेच आले होते. त्यांचाही फोन अडकला होता. ह्याच कॉम्प्युटरवर उघडून दिली मी.’’

सुहास स्टुलावर बसला. मग म्हणाला, ‘‘व्हिडिओ उडव.’’

‘‘सगळे?’’

‘‘सगळे.’’ मग तिचं बोट पडद्याला टेकायच्या आत, ‘‘तो शाफ्टचा राहू दे. तो चांगला आहे.’’

फाईल उघडली. सुहासने तिथेच, दुकानात बसून, पाचवी वही काढली. मिस्त्रींचं गोल अक्षर. ‘हितेशला सांगावं लागत नाही.’ एवढंच. त्याने ती ओळ बऱ्याच वेळा वाचली. मग स्वतःचं नाव शोधायला लागला. दहाव्या वहीपर्यंत कुठेच नव्हतं. अकरावीपासून अक्षर बदललं. ते त्याचं स्वतःचं होतं. मशीनमध्ये मिस्त्रींची दोन बोटं गेली, तेव्हापासून ते सांगायचे आणि सुहास लिहायचा, हितेश तेवढ्यात इंजिनावर हात चालवायचा. तेरा वह्या. मिस्त्रींनी ‘लिही, सुहास’ असं किती वेळा म्हटलं असेल, पण ते काही लिहायचं नसतं.

फोन वाजला. हितेश.

‘‘सुहास, गंगारामच्या बुशचं माप सोळाव्या वहीत आहे. पण तू काय लिहिलंयस ते लागत नाही रे. एक आहे की सात?’’

सुहासने पान काढलं. ‘‘सात. आणि पुढे फुली आहे ती म्हणजे मिस्त्री ऐन वेळी थोडं जास्त घासायचे. किती, ते बघून सांगावं लागेल. मी येतो.’’

दोघांनी लेथवर बुश बनवला. सुहास माप धरत होता, हितेश कापत होता. काम थांबलं तेव्हा हितेश म्हणाला, ‘‘मला त्यांनी कधी वहीला हात लावू दिला नाही. तू आपला शेजारी बसलेला असायचास, रोज. मला वाटायचं...’’ आणि तो बुश पुसायला लागला.

सुहासला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

एक ऑगस्टला गंगारामची लाँच जेटीवरून मागे सरकली. रिव्हर्स अलगद पडला. गंगारामने हात उंचावून हाक दिली, ‘‘हितेश, सुहास, झालं रे काम!’’

हितेशचं नाव आधी घेतलं, हे सुहासच्या लक्षात आलंच. आता हे कुणाला सांगायचं, म्हणून त्यानेही हात वर केला.