डोक्याची मोजणी

येडशीपासून मुरुमपर्यंत आमच्या मोजणीवाल्या मामांइतका संशयी माणूस दुसरा सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर मामा आधी त्याच्यावरच संशय घेतील. हे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. मुरुमला राहतात. त्यांची सारी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर टेप धरून उभं राहायचं आणि दोन्हीकडचे शेतकरी देवाची शपथ घेऊन खोटं सांगताना ऐकायचं, हे ज्यानं आयुष्यभर केलं, त्याचा जगावर विश्वास बसावा तरी कसा? हद्दीचे दगड दर पेरणीला हातभर चालतात, असं ते शांतपणे सांगतात. घरी लग्नाची पत्रिका आली तर आधी उलटी करून बघतात. मामी भाजी घेऊन दहा मिनिटांत परतल्या तर ‘एवढ्या लवकर?’ आणि तासानं आल्या तर ‘एवढा उशीर?’ मोबाइल घेतलाय, पण तो उशीखाली दाबून ठेवतात, कारण त्याला सगळं ऐकू जातं म्हणे. डॉक्टर गोड बोलला की यांचा संशय दुप्पट होतो.

निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा मामांनी माणसांची डोकी घेतली. त्यांच्या ओट्यावर ‘डोकं दुखतंय’ असं नुसतं म्हणणं म्हणजे मोजणीचा अर्ज करणं. लगेच आलेखाची वही निघते. तीत अंड्याच्या आकाराचं डोकं काढलं जातं, वर उत्तरेचा बाण, आणि मग चौकशी सुरू. ‘‘कुठून निघतंय? कुठवर जातंय? ठोके पडत्यात का आवळल्यागत होतंय? वाकलं की वाढतंय का? काल झोपलाव किती? पाणी प्यालाव का?’’ बिचारा एक गोळी मागायला आलेला असतो, तो घाम पुसत जबाब देतो. साऱ्या डोक्याभोवती दोरी आवळल्यासारखं दुखत असेल तर मामा वहीत ‘पट्टा’ लिहितात आणि मान, खांदे आणि घरातली काळजी यांच्यावर संशय घेतात. कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग सर्दीनं जड झाला असेल तर ‘पाणथळ’. शेजारच्या मुलीचं डोकं शाळा सुटली की दुखायचं, तर यांनी आरोप ठेवला तिच्या दोन घट्ट वेण्यांवर. वेण्या सैल केल्या आणि दुखणं थांबलं. तेव्हापासून ती मुलगी मामांना दबकून असते.

बाजारातले कापडवाले चाचा दर रमजानात पहिले चार दिवस डोक्याला फडकं बांधून बसायचे. रोजा आता झेपत नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. मामांना हा निकाल पटेना. ईद झाल्यावर ते आठवडाभर दुकानाच्या पायरीवर बसून राहिले आणि म्हणाले, ‘‘चाचा, रोजा बेकसूर हाय. दिवसाला अकरा चहा पिताव आन् एकदम तोडताव, मग डोकं उठणारच की. पंधरा दिस आधीपासून एकेक कमी करा.’’ पुढच्या रमजानात चाचांचं डोकं दुखलं नाही. ईदला ते न चुकता शीरखुर्मा पाठवतात आणि मामा तो न चुकता आधी हुंगून बघतात.

पिठाच्या गिरणीवाल्या बाईंची गोष्ट मात्र मामांच्या अंगाशी आली. बाई रोज सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखीची गोळी घ्यायच्या, दुखू नये म्हणून. आणि तरी रोज दुखायचं. मामांनी त्यांच्या डब्यातली रिकामी पाकिटं ओट्यावर ओतून सांगितलं, ‘‘बाई, आता ही गोळीच दुखणं आणतीय. डाक्टरला इचारून बंद करा.’’ डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण बंद केल्यावर पहिले पंधरा दिवस इतकं दुखलं, की बाईंनी गिरणीच्या आवाजाच्या वर आवाज चढवून मामांचा उद्धार केला. नंतर बऱ्या झाल्या. उद्धार केलेला मात्र त्यांनी परत घेतला नाही.

हे सगळं मी हसत सांगते खरी, पण या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. लग्न होऊन मी सास्तूरला आले आणि महिन्याभरात माझं डोकं उठलं. डाव्या बाजूला घण बसायचे, उजेड सोसायचा नाही, फोडणीच्या वासानं उलटी यायची. सासूबाई म्हणाल्या, ‘‘बरं भाकरी थापायच्या टायमालाच दुखतंय!’’ नवराही माझ्याकडे तसंच बघत होता. माहेरी हे दुखणं उठायचं तेव्हा तिथंही मला ‘नाटकी’च म्हणायचे. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं, की आपण सोंग तर करत नाही ना. एके दिवशी असंच डोकं उठलेलं असताना मामा बहिणीला भेटायला आले. त्यांनी वही काढली. दुखण्याआधी डोळ्यापुढं काही दिसतं का, असं विचारलं. मी म्हटलं, नागमोडी रेघा चमकतात. मामांनी वहीतल्या डोक्याच्या मधोमध रेघ मारली. ‘‘अर्धशिशी,’’ ते म्हणाले, आणि सासूबाईंकडे वळले. ‘‘आक्का, दुखणं खरं हाय. कारणावर लागंल तेवढा संशय घे, दुखण्यावर घ्यायचा न्हाय.’’ मग खिडकी लावायला सांगितली, कपाळावर ओलं फडकं ठेवायला सांगितलं, आणि जेवण, झोप, ऊन यांची रोज नोंद ठेव म्हणून मला बजावलं. अंधारात पडल्या पडल्या मी रडले. दुखत होतं म्हणून नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं खरं मानलं होतं.

वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीनं लिहिलेली एक यादी होती. वीज पडल्यासारखं अचानक उठलेलं, तापाबरोबर मान आखडलेलं, हातपाय किंवा जीभ जड पडलेलं, डोक्याला मार लागल्यानंतरचं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. अशांची मोजणी ते करत नसत. ‘‘हे आपल्या कचेरीचं काम न्हाय. गाडी काढा,’’ एवढंच म्हणत.

गेल्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत आम्ही मुरुमला गेलो. मामा जेवताना मध्येच थांबत होते. चार घास चावले की जबडा धरायचे, अर्धी भाकरी ताटात ठेवायचे. मामी मला आत बोलावून म्हणाल्या, ‘‘महिना झाला गं, डाव्या अंगावर डोकं टेकवीत न्हाइत. कंगवा लागला तरी कळवळत्यात.’’ मी बाहेर येऊन विचारलं. मामा हसले. ‘‘काय न्हाय सूनबाई. म्हातारपणाचं नाटक हाय.’’

तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मामांपुढं मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. ‘‘कधीपासून? खरं सांगा.’’ तर हे चक्क खोटं बोलायला लागले! आठ दिवस म्हणाले, मग पंधरा, मग मान वाकडी झोपल्यामुळं, मग नव्या चष्म्यामुळं. आयुष्यभर ऐकलेल्या साऱ्या खोट्या जबान्या त्यांना पाठ होत्या. मी हटत नाही म्हटल्यावर मान खाली घालून म्हणाले, ‘‘आज सकाळी डाव्या डोळ्यापुढं पडदा आल्यागत झालतं. गेला परत.’’

नवऱ्यानं तशीच गाडी काढली. सोलापूरच्या डॉक्टरांनी कानशील चाचपलं आणि सांगितलं, की इथली रक्ताची नळी सुजली आहे, औषध आत्ताच्या आत्ता सुरू करायला हवं, नाहीतर दोन्ही डोळे जातील. उजवा डोळा वाचला. डाव्याची निम्मी नजर गेली, ती काही परत आली नाही.

परतताना मी विचारलं, ‘‘मामा, साऱ्या जगाचं दुखणं खरं, आणि तुमचं तेवढं खोटं?’’ ते बाहेर बघत म्हणाले, ‘‘दुसऱ्याचं तोंड बघून कळतंय की खरं काय त्ये. सोताचं तोंड कुठं दिसतंय? म्या म्हणलं, काम न्हाय, कुणी इचारीत न्हाय, म्हणून मनच काहीतरी काढतंय.’’ मला एकदम वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. त्यांच्या ओट्यावर इतकी माणसं येऊन गेली, मी वर्षानुवर्षं जात राहिले, पण मामा, तुम्हाला काही होतंय का, असं आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं.

ओटा अजून चालू आहे. वहीच्या बारीक रेघा त्यांना दिसत नाहीत, म्हणून ते विचारतात आणि मामी लिहितात. मागच्या रविवारी गेले तेव्हा माणसं उठून गेल्यावर मी विचारलं, ‘‘मामा, आज दुखतंय का?’’ त्यांनी चुळबुळ केली. मग अगदी हळू म्हणाले, ‘‘व्हय. दुखतंय थोडं.’’ मामी वही मिटून त्यांच्याजवळ सरकून बसल्या. हे तीन शब्द त्यांनी गेल्या वर्षी, डोळा जायच्या महिनाभर आधी उच्चारले असते तर, असं माझ्या मनात येऊन गेलं.