मागं चालणारं घड्याळ

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घड्याळांना चावी देणं. भिंतीवरच्याला मी दिली, गजराच्याला तिनं. भिंतीवरचं सोलापूरचं, गजराचं पोराचं. तो दुबईला कामाला गेला तेव्हा कळलं की तिथली वेळ आपल्या दीड तास मागं. काटा उलटा फिरवला की घड्याळ मरतं, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं ते दीड तास बंद ठेवलं आणि मग सोडलं. गजर पावणेसातचा, त्याची पाळी सुटायच्या वेळचा. वाजला की म्हणायची, "सुटलं बाई लेकरू."

"तुला तार आली काय?"

"तुमी सुटला की गिरणीचा भोंगा सांगायचा की. आता ह्यो सांगतोय."

चाव्या दिल्या त्याच संध्याकाळी तिनं देवापुढं दिवा लावला आणि तिथंच कलंडली. भिंतीवर पावणेसात झाले होते. पोराच्या घड्याळात सव्वापाच.

शेजारीण धावत आली, नाडी बघून रडली. बायका जमल्या. दिवस बुडाला होता, न्यायचं सकाळी ठरलं.

"अण्णा, वैनींच्या तोंडात पाणी घाला."

"थांबा. तिकडं अजून पावणेसात वाजायचेत."

म्हातारा चळला, असं कुणीतरी पुटपुटलं. चळलो नव्हतो. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो ऊन होता. चांगला ऊन, भाकरी थापून उठल्यावर असायचा तसा.

मग गजर वाजला. बायका दचकल्या, पण बंद करायला कुणी हात पुढं करीना. गजराची चावी संपेपर्यंत तो वाजत राहिला. थांबला आणि हात गार पडला. हळूहळू नाही, निखाऱ्यावर पाणी पडावं तसा.

नाडी बघितली होती तीच शेजारीण हळूच म्हणाली, "आत्ता गेल्या की वो."

तेव्हा मी पाणी घातलं.

सकाळी तिरडी बांधून झाली, माणसं आत आली. मी स्टुलावर चढलो आणि भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक धरून थांबवला.

"अण्णा, ऊन चढलंय. चला."

"बसा जरा."

सोलापूरच्या वेळेत ती दिवा लावताच गेली होती. दुबईच्या वेळेत दीड तास जास्त होती. मला घरात ती वेळ पाहिजे होती. माणसं ओट्यावर बसली, विड्या ओढल्या. नुसतं पोराचं घड्याळ चालत होतं. ते भिंतीवरच्या काट्यांपाशी येऊन पोचलं तेव्हा मी लंबक सोडला.

"आता उचला," म्हटलं आणि खांदा दिला.